उसनं नाक

नाथाबाबा चाळीच्या बोळातून चालायला लागले की बायडाबाई चार पावलं मागे राहून चालायच्या. कमरेवर टोपली, पदर खोचलेला, मनगटात श्रावणात भरलेल्या हिरव्या बांगड्या.

चाळ म्हणजे कांद्याची चाळ. सिन्नरच्या बाजूला बहुतेक मळ्यांत एक तरी असतेच. जमिनीपासून हातभर उंच, खालून वाऱ्याला वाट, दोन्ही अंगांना बांबूच्या कामट्या आणि वर पत्रा. उन्हाळ्यात काढलेला कांदा आत भरला की पुढे चार-पाच महिने तो तिथेच श्वास घेत पडून असतो. त्यातला एखादा आतून सडतो. त्याचं पाणी शेजारच्यावर गळतं, मग तो सडतो, मग त्याच्या खालचा. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. सगळा ढीग सारखाच लालसर, सारखाच टणक. जे कळतं ते नाकाला.

आणि नाथाबाबांचं नाक आसपासच्या पाच गावांत नावाजलेलं होतं. कामट्यांच्या फटीला नाक लावायचं, दोन-तीन छोटे श्वास ओढायचे, एक पाऊल पुढे. मध्येच थांबून म्हणायचे, "हितं." तिथल्या कामट्या सोडवून हात घातला की कोपरभर आत सडका कांदा हाताला लागायचा. दुसऱ्यांच्या चाळीवरही त्यांना बोलावणं यायचं. जायचे, हुंगायचे, चहा प्यायचे आणि यायचे.

हे सगळं दोन वर्षांपूर्वीपर्यंत खरं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका दुपारी बायडाबाई चुलीवर वरण ठेवून विहिरीवर गेल्या. नाथाबाबा चुलीपासून दोन हातांवर सुतळी वळत बसले होते. बायडाबाई परत आल्या तेव्हा अंगणातच त्यांना करपल्याचा वास आला. आत बघतात तर पातेल्यातून काळा धूर निघतोय आणि नाथाबाबा शांतपणे सुतळी वळतायत. धूर त्यांच्या पाठीमागे होता.

"आवो, वरण जळालं की!"

"जळालं?" ते वळून म्हणाले. मग पातेल्याकडे बघून, जरा थांबून, "व्हय की. माझं ध्यान नव्हतं."

बायडाबाईंनी पातेलं उतरवलं. पण त्यांच्या मनात मागच्या काही महिन्यांतल्या गोष्टी एकामागून एक येऊन बसल्या. जेवताना हा माणूस ठेचा मागतो, पुन्हा मागतो. भाजीला चव नाही म्हणतो. मीठ वरून घेतो. पूर्वी भाकरीचा एक पदर जास्त भाजला तर ओसरीवरून ओरडायचा. आता करपलेली भाकरी मुकाट्याने खातो.

तुम्हीही कधी करून बघा. नाक घट्ट दाबून गुळाचा खडा तोंडात टाका. गोड लागेल, पण गुळासारखं काही लागणार नाही. नाक सोडलं की गूळ येतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढंच मोजकं कळतं. बाकीची सगळी चव घशाच्या मागून नाकात चढते. नाकात वर, दोन डोळ्यांच्या मधे, टपालाच्या तिकिटाएवढी जागा असते. सगळे वास तिथे पोचतात. म्हातारपणी कुणाचं दिसणं कमी होतं, कुणाचं ऐकणं. तसं कुणाकुणाचं ते तिकीट पुसट होत जातं. चष्मा लावलेला लोकांना दिसतो. नाक गेलेलं कुणालाच दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीच्या बोळात ते पुढे, त्या मागे. एका जागी बायडाबाईंच्या नाकात आंबट दर्प शिरला. नाथाबाबांनी तिथेच फटीला नाक लावलं, दोन श्वास ओढले आणि पुढे निघाले.

बायडाबाईंच्या हातून कसं झालं कोण जाणे, पण त्यांनी टोपली या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. बांगड्या वाजल्या.

नाथाबाबा थांबले. एक पाऊल मागे आले. म्हणाले, "हितं."

तेव्हापासून रोज तसंच. आपण बांगड्या वाजवतो हे बायडाबाई कधी बोलल्या नाहीत. आपण बांगड्या ऐकतो हे नाथाबाबा कधी बोलले नाहीत. यांना अजून थोडं येत असेल, आपलं नुसतं निमित्त होत असेल, अशी बायडाबाईंनी मनाची समजूत घातली होती. दुसऱ्यांची बोलावणी आली की नाथाबाबा गुडघा पुढे करायचे. "चालवत नाय रे. पुढच्या वर्षी बघू."

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी बोळात त्या दिवशी तिघं होती. मधे निकिता, त्यांची नात. वय अकरा. तिचे वडील यादव अंबडला कारखान्यात, पहाटेच गाडी काढून जायचे. शाळा भरेपर्यंत निकिता आजी-आजोबांच्या मागे.

चालता चालता एक गांधीलमाशी बायडाबाईंच्या कानाशी आली. त्यांनी जोरात हात झाडला. बांगड्या खणखणल्या.

"हितं," नाथाबाबा म्हणाले.

बायडाबाई हात झाडता झाडता थांबल्या. आता नाही कसं म्हणायचं? कामट्या सोडवल्या. टोपलीभर कांदा बाहेर काढला, दुसरी टोपली, तिसरी. सगळा कांदा ठणठणीत.

नाथाबाबांनी एक कांदा हातात फिरवला. "सुरुवात असंल अजून," ते पुटपुटले आणि पुढे गेले.

निकिताने आजीकडे बघितलं, आजोबांच्या पाठीकडे बघितलं, मग आजीच्या हाताकडे.

"आजी," ती हळू आवाजात म्हणाली, "आबा तुझ्या बांगड्या ऐकून थांबतात ना?"

"गप बस."

"पण आजी, त्यांना वास—"

"गप म्हणलं ना! कांदं भर." आणि मग जरा मऊ आवाजात, "कुणाला बोलू नको, बाळा. माणसाचं एकच नाव असतं, ते राखावं लागतं."

निकिताला ते कळलं. रातराणी आणि अनंत डोळे मिटून ओळखायला आबांनीच तिला शिकवलं होतं. कुबट कशाला म्हणायचं, आंबूस कशाला, करपट आणि खरपूस यांत काय फरक, हे तिला मुळाक्षरांच्या आधी येत होतं. त्याच आबांना आता काही येत नव्हतं. ती कांदे भरत राहिली, आणि पुसले तर आजी रागावेल म्हणून डोळे तसेच राहू दिले. कांद्यासमोर बसल्यावर कुणी विचारत नाही, एवढी सोय होती.

त्याच दिवशी दुपारी शेखर आला.

शेखर म्हणजे हिरामणचा मुलगा. हिरामण आणि नाथाबाबा एका वर्गातले, एका विहिरीवरचे. हिरामण जाऊन तीन वर्षं झाली. शेखरने अंबडची नोकरी सोडून यंदा पहिल्यांदा स्वतः कांदा केला होता, स्वतः चाळ बांधली होती. त्याची आई चिमणाबाई रोज त्याला ऐकवायची, की पंख्याखालची नोकरी सोडून मातीत हात घालणारा आमच्या घराण्यात तूच पहिला.

शेखर ओसरीच्या पायरीवर बसला, चपला काढून.

"बाबा, एकदा माझ्या चाळीतून फिरून जा. कांदा ठेवू का चाळ फोडून विकून टाकू, काय समजत नाय. मला तर सगळा एकच वास येतो."

"येणारच," नाथाबाबा म्हणाले. "तू दिवसभर तितंच असतो. नाक म्हणजे पाहुण्यासारखं. नवीन असतं तवर सगळं बघतं. दोन दिवस राहिलं की घरातलं होतं, मग त्याला काय दिसत नाय."

"म्हणून तर तुम्हाला बोलवायला आलो. गुडघ्याचं ठाऊक हाय मला. गाडीवर नेतो, गाडीवर आणतो." मग मान खाली घालून शेखर म्हणाला, "बाप असता तर त्यांनीच आणलं असतं तुम्हाला."

"येतो," नाथाबाबा म्हणाले. "उद्या सकाळी, ऊन चढायच्या आधी."

आत चहा गाळणाऱ्या बायडाबाईंचा हात थांबला.

शेखर गेल्यावर त्या बाहेर आल्या. "आवो, गुडघा—"

"गुडघा बरा हाय."

"उद्या सकाळी यादवला सांगावा पाठवायला लावते. ताप आलाय म्हणून."

"मला ताप नाय."

बायडाबाई परत आत गेल्या. संध्याकाळपर्यंत त्यांचं कामात लक्ष नव्हतं. हे तिथे जातील, फटीला नाक लावतील, काही येणार नाही. मग काय म्हणतील? सगळं चांगलं आहे म्हणाले तर पोराची चाळ आतून पाणी होईल. उगाच कुठेतरी "हितं" म्हणाले तर सगळ्यांसमोर हसं होईल. आणि दुसऱ्याच्या चाळीत आपण मागे टोपली घेऊन कशा फिरणार? शेवटी त्यांनी ठरवलं. चिमणाबाईच्या घरी गाय व्यालीय, तिचा चीक मागायच्या निमित्ताने जायचं आणि बोलत बोलत बोळात शिरायचं.

सकाळी त्या चांगलं लुगडं नेसून, हातात लोटा घेऊन अंगणात उभ्या राहिल्या.

"तू कुठं?"

"चिमणाबाईकडं. चीक आणते."

नाथाबाबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग अगदी सहज, टोपी डोक्यावर बसवत म्हणाले, "ये. पण बांगड्या वर सार. कोपरापर्यंत. आज वाजू देऊ नको."

बायडाबाईंच्या हातातला लोटा कलंडला. रिकामाच होता म्हणून बरं.

"तुम्हाला—"

"आपल्या चाळीत आपण काय बी करू. आपला कांदा, आपलं नुकसान. गेल्या वर्षी किती सडला, ठाऊक हाय ना तुला? तुझ्या नाकाला लागेपर्यंत टोपलीभर आतला आत गेलेला असायचा. चाळीस वर्षं चुलीचा धूर खाल्लेलं नाक ते. मी तुला बोल लावत नाय. पण हिरामणच्या पोराच्या चाळीत उसन्या नाकाने जायचं नाय मला."

"मग जाताय कशाला? काय सांगणार तितं?"

"ते तितं गेल्यावर." ते वळून ओरडले, "निकिता! चल. दात घासले का?"

"घासले."

"पुन्हा चूळ भर. तोंडाला पेस्टचा वास येतोय का आजीला विचार. आन डोक्याला तेल लावू नको."

जाण्याआधी ते आपल्या चाळीकडे गेले. दोन दिवसांपूर्वी बाजूला काढलेला एक सडका कांदा त्यांनी पळसाच्या पानात गुंडाळला आणि एक चांगला कांदा खिशात टाकला. शेखरच्या गाडीची वाट न बघता तिघं पायीच निघाली.

शेखरच्या चाळीपाशी शेखर होता, चिमणाबाई होती आणि शेखरची मुलगी मीना होती. सात वर्षांची, केसांच्या दोन वेण्या, हातात परडी. परडीत देवासाठी काढलेली जास्वंदीची आणि अनंताची फुलं होती. नाथाबाबा पोचले तेव्हा चिमणाबाई तिलाच रागावत होती.

"पुन्हा हुंगलंस? हजारदा सांगितलं, हुंगलेलं फूल देवाला चालत नाय! आता ती सगळी टाक आन दुसरी काढ." मग पाहुण्यांकडे वळून, "काय करावं हिचं? फूल हुंगती, ताटातली भाजी हुंगती, काल माझा पदर हुंगून म्हणती, आजी, तू मावशीकडं जाऊन आलीस. आलेच होते मी! कुत्र्याच्या जातीची कार्टी."

मीना परडी पाठीमागे लपवून उभी होती.

"शेखर," नाथाबाबा म्हणाले, "आधी एक सांगायचं. मग पुढचं." ते थांबले. बायडाबाईंनी वर सारलेल्या बांगड्यांवर दुसरा हात घट्ट धरला. "माझं नाक गेलंय. दोन वर्षं झाली. मला काय बी वास येत नाय. फुलाचा नाय, कांद्याचा नाय, शेणाचा बी नाय."

चाळीच्या पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या, त्यांच्या नखांचा आवाज तेवढा येत होता.

चिमणाबाईच आधी बोलली. "मग ते गुडघं?"

"गुडघा धडधाकट हाय. त्याच्यावर फुकट आळ घेतला मी."

"आन तुमच्या चाळीतली सड कोण काढायचं इतके दिवस?"

"ही." नाथाबाबांनी मागे न बघता हात केला. "दोन वर्षं माझं नाक हिच्या मनगटात होतं."

बायडाबाईंनी पदर तोंडाला लावला. लाज वाटली, की हसू आलं, की रडू, त्यांचं त्यांना कळलं नाही.

शेखरचा चेहरा पडला होता. "मग आता बाबा? काकू सांगतील का?"

"मला उघडं सडकं कळतं रे," बायडाबाई म्हणाल्या. "कोवळी सड नाय कळत. यांना कळायची. कांदा वरनं सोन्यासारखा आन आत एकच पाकळी बिघडलेली, ती यांना कळायची."

"कळायची," नाथाबाबा म्हणाले. "नाक गेलं. पण नाकानं काय शिकवलं ते डोक्यात हाय. ते कुठं गेलं नाय. शेखर, मला दोन कोरी नाकं पाहिजेत. एक मी घेऊन आलोय." त्यांनी मीनाकडे बोट केलं. "दुसरं तुझ्या घरात हाय."

"ही?" चिमणाबाई म्हणाली. "हिला तर शेंबूड पुसायचं कळत नाय अजून."

"आज आलाय का शेंबूड?"

मीनाने मान हलवली. नाही.

"मग झालं."

दोघी मुलींना घेऊन ते चाळीपासून लांब, लिंबाखाली जाऊन बसले. घाई नव्हती. आधी त्यांनी खिशातला चांगला कांदा काढला.

"हा घ्या. हुंगा. लांब श्वास नाय ओढायचा. छोटे छोटे. सशासारखे. हां. कसा येतोय?"

"कांद्यासारखा," मीना म्हणाली.

"ते मला बी सांगता येतं, नाक नसून. कसा?"

निकिताने डोळे मिटले. "तिखट. कोरडा. जुन्या पोत्यासारखा थोडा."

"शाब्बास. आता डोळे मिटून तोच लक्षात ठेवा." मग त्यांनी पळसाचं पान उलगडलं, पण हातभर लांबच धरलं. "आता हा. जवळ आणू नका. याचा वास आपण होऊन येईल. कसा?"

"घाण!" निकिता म्हणाली.

"घाण हे नाव नाय वासाचं. ती तुझी तक्रार झाली. नाव सांग."

मीनाने सशासारखं नाक हलवलं, पुन्हा हलवलं. "आजी आंबोळ्यांचं पीठ भिजवते ना, ते विसरलं की दुसऱ्या दिवशी झाकण काढल्यावर येतो तसा."

नाथाबाबांनी पान जरा खाली घेतलं. मग हळूच म्हणाले, "आंबूस. बरोबर. मी पन्नास वर्षं त्याला आंबूसच म्हणत आलो, पण पिठाचं मला कधी सुचलं नाय." पानात कांदा पुन्हा गुंडाळून त्यांनी लांब फेकला. "आता बसा थोडं. नाकाला हा वास विसरू द्या. तुमच्या कोपराच्या खळीत नाक खुपसा. आपला स्वतःचा वास नाकाला रोजचाच, तितं त्याला काय काम नसतं. तितं ते विसावा घेतं."

दोन्ही मुली कोपरात नाक खुपसून बसल्या. चिमणाबाई लांबून म्हणाली, "ही कसली शाळा!" पण ती गेली मात्र नाही.

मग नाथाबाबांनी दोघींच्या हातात एकेक खडा दिला. "एकेकीनं जायचं. दुसरीनं इकडं पाठ करून बसायचं. फटीला नाक, खालच्या अंगाला. खाली गार हवा साठते. तीन छोटे श्वास, एक पाऊल. दहा पावलांनी बोळाच्या बाहेर या, कोपर हुंगा, परत जा. लय वेळ आत राहिलात तर नाकाला सवय होईल आन मग ते खोटं बोलायला लागंल. जितं पिठाचा वास येईल तितं खालच्या बाजूला खडा ठेवा. तितं आधीच खडा असंल तर पुढं जा. नसंल येत तर खडा परत आणा. नाय आला म्हणायची लाज नाय." ते जरा थांबून म्हणाले, "ते म्हणायला मला दोन वर्षं लागली. तुम्ही लगेच म्हणा."

निकिता आधी गेली. बराच वेळ लागला. आली तेव्हा हात रिकामा होता. मग मीना गेली. ती दोनदा बाहेर येऊन कोपर हुंगून आत गेली. तिचाही हात रिकामा.

शेखर पुढे झाला. एक खडा बोळाच्या सुरुवातीला, डाव्या अंगाला होता. दुसरा थेट टोकाला, उजव्या अंगाला.

"दोन दोन जागा?" शेखर म्हणाला.

"उघड."

निकिताच्या खड्याजवळ कामट्या सोडवल्या. वीतभर आतच हाताला ओलं लागलं. पाच-सहा कांदे, काळे पडलेले, पाणी सुटलेले. बायडाबाईंनाही तिथे पोचताच वास आला होता. शेखरने सगळे बाजूला काढले, आजूबाजूचे पुसून सुकायला टाकले. "म्हणजे खरंच होतं," तो म्हणाला.

मग मीनाचा खडा. तिथला कांदा बाहेर काढला. एक टोपली, दोन टोपल्या. सगळा कांदा कोरडा, घट्ट, लालसर. चिमणाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बघा. म्हणलं होतं ना मी. उगाच हुंगत सुटती."

मीनाचा खालचा ओठ पुढे आला. निकिताला कालची सकाळ आठवली. तीन टोपल्या चांगला कांदा, आणि आबांच्या हातात फिरणारा तो एक. तिने आजीकडे बघितलं. बायडाबाईंची नजर टोपलीवर होती.

नाथाबाबा खाली बसले. टोपलीतला एकेक कांदा उचलून त्याची मान अंगठ्याने दाबू लागले. घट्ट. घट्ट. घट्ट. सात-आठ कांदे झाले. मग एकावर अंगठा जरासा आत गेला. अगदी जरासा.

"मीना, हा."

मीनाने नाक जवळ नेलं आणि लगेच मागे घेतलं. "हाच."

"शेखर, विळा आण."

कांदा मधोमध कापला. बाहेरचा पापुद्रा सोन्यासारखा, गाभा पांढराशुभ्र, आणि मधली एकच पाकळी पिवळट, बुळबुळीत, पाण्यानं भरलेली. चिमणाबाई वाकली, तिच्याही नाकात दर्प गेला आणि तिने तोंड फिरवलं.

"गं बाई! आंबोळ्यांचं पीठ!"

शेखर हसला आणि टोपलीतले कांदे एकेक करून दाबू लागला. त्या टोपलीत तसे आणखी चार निघाले. "फोडू नको चाळ," नाथाबाबा म्हणाले. "दोन जागा सापडल्या, त्या साफ झाल्या. पण रोज सकाळी हिला फिरव. शाळेच्या आधी. आन चिमणाबाई, देवाची फुलं तुम्ही काढत जा. हिच्या नाकाला दुसरं काम हाय."

"काढते बाई," चिमणाबाई म्हणाली आणि मीनाच्या विस्कटलेल्या वेणीवरून हात फिरवला. "पण माझा पदर नाय हुंगायचा."

चीक न घेताच तिघं परत निघाली. शेखर गाडी काढत होता, पण नाथाबाबा म्हणाले, चालतो. गुडघा आता मोकळा झालाय. निकिता शाळेला उशीर होतोय म्हणून बांधावरून पुढे पळाली. जाताना ओरडली, "आबा, उद्या आपल्या चाळीत मी पुढे!"

"तूच पुढं," नाथाबाबा म्हणाले.

निकिता बांधापलीकडे दिसेनाशी झाली.

"कधीपासून ठाऊक होतं?" बायडाबाईंनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. चाळीस वर्षं तू टोपली उजव्या कमरेवर घेतेस. त्या दिवशी डावीवर का घेशील?"

"मग बोलला का नाय?"

"तू बोलली का?"

बायडाबाईंनी बांगड्या कोपरावरून खाली सोडल्या. हात हलकासा झटकला. त्या वाजल्या, आणि नाथाबाबा सवयीने थांबले. मग दोघंही हसली.

घरी आल्यावर बायडाबाईंनी चूल पेटवली. परसातला गवती चहा तोडून आणला, आल्याचा तुकडा ठेचला. नाथाबाबा पाटावर येऊन बसले. बशीत चहा ओतून त्यांनी ती नाकाजवळ नेली, आणि मग तशीच खाली ठेवली.

"कसा येतोय वास?"

"कशाचा?"

"चहाचा."

"चहासारखा येतोय," बायडाबाई म्हणाल्या.

"घ्या! सात वर्षांची पोर पिठाची उपमा देती आन आमच्या घरात चहाला चहासारखा वास येतो."

"मी काय शाळा शिकलेय का तुमची?"

"मग शीक. छोटे श्वास. सशासारखे."

बायडाबाईंनी आधी दाराकडे बघितलं. कुणी येत नव्हतं. मग त्यांनी बशी उचलली, डोळे मिटले आणि सशासारखं नाक हलवलं.

"हिरवा येतोय," त्या सावकाश म्हणाल्या. "लिंबाची पानं चुरगाळल्यासारखा. पण आंबट नाय. गोडसर."

"आन?"

"आल्याचा तिखट. तो मागनं येतोय. आन... जळण ओलं होतं ना, तर जरा धुरकट. आन दूध उतू जाता जाता राहिलं, त्याची एक करपट रेघ हाय. बारीक."

नाथाबाबांनी बशी त्यांच्या हातून घेतली, नाकाजवळ नेली आणि थोडा वेळ तशीच धरली.

"हां," ते म्हणाले. "आला."